आग्र्याहून सुटका : सायं. ५.५०

भाच्याच्या लग्नाला दिल्लीला गेलो होतो. मंगळवारी लग्न लागलं, बुधवारी सगळ्यांनी आपापले पाय चोळले आणि गुरुवारी पाहुण्यांचं करायचं काय, हा प्रश्न उरला. नवऱ्या मुलाच्या धाकट्या भावाने तो मोबाईलवर दोन मिनिटांत सोडवला. आग्र्याची एक दिवसाची सहल. रेल्वे, बस, गाईड, जेवण, सगळं एकाच पैशात. "मामा, तुम्हाला काहीच करायला लागणार नाही," तो म्हणाला. हे वाक्य मला ज्या ज्या वेळी ऐकवण्यात आलंय, त्या त्या वेळी मला पहाटे साडेचारला उठावं लागलंय.

आम्ही तिघं होतो. मी, बायको आणि माझी आत्या. आत्याने छत्तीस वर्षं कऱ्हाडला मुलींच्या शाळेत इतिहास शिकवला. आता वय शहात्तर, गुडघे मूळचेच, आणि समोरचा माणूस चुकीचं साल बोलला की अजूनही हात खडूसाठी वळवळतो. बायको भुसावळची. तिचा इतिहासाशी काही संबंध नाही असा माझा समज होता. तो पुढे खोटा ठरला.

हजरत निजामुद्दीन स्टेशनवर सकाळी साडेसातला आमच्या छातीवर एकेक गोल चिकटपट्टी लावण्यात आली. माझा नंबर १४. गाईड म्हणजे चाळिशीचा, हसतमुख, हातात मिटलेली केशरी छत्री उभी धरलेला माणूस. "छाता देखिए, चलते रहिए," एवढंच त्याचं धोरण होतं. बावीस जणांच्या घोळक्यात आत्याने पहिल्याच मिनिटाला त्याला विचारलं, "किल्ला देखने को कितना टाइम देंगे?" तो म्हणाला, "भरपूर, माताजी." अनुभवी माणूस 'भरपूर' ऐकल्यावर सावध होतो. आम्ही झालो नाही.

गाडी मात्र फार छान. गतिमान एक्स्प्रेस, २०१६ साली सुरू झालेली, ताशी १६० किलोमीटरने धावते. ८.१० ला निघाली आणि ९.५० ला आग्रा कँटला उभी. १८८ किलोमीटर, शंभर मिनिटं. पुणे-मुंबई १९२ किलोमीटरला आपली डेक्कन क्वीन तीन तासांहून जास्त घेते, हे मी बायकोला हिशोब करून सांगितलं. "मग तिला घाट चढावा लागतो, इथे काय आहे, सगळं सपाट," ती म्हणाली. डेक्कन क्वीनबद्दल वावगं बोललेलं आमच्या घरात चालत नाही. बोलणारा मी असलो तरी.

आग्र्यात बसमध्ये बसून वीस मिनिटं आम्ही नंबर ९ ची वाट पाहिली. ते गृहस्थ स्टेशनाबाहेर चहा प्यायला गेले होते. मग बस निघाली, ताजपासून लांबच थांबली (धुराच्या गाड्या जवळ नेत नाहीत, आणि ते बरंच आहे), बॅटरीच्या गाडीतून आम्ही पूर्व दरवाजाशी आलो आणि तिथे आत्याची चंची पकडली गेली.

आत खायचं काही नेता येत नाही. बायकोने तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा मुकाट काढून दिला. आत्याच्या चंचीत सुपारी, लवंग, कात आणि अडकित्ता. तो पितळी अडकित्ता तिच्या आईचा. मूठ मोराच्या मानेसारखी वळलेली, पातं वापरून वापरून मधोमध झिजलेलं, खिळा सैल झाल्यामुळे उघडताना 'कुर्र' असा आवाज करणारा. तपासणीवरच्या मुलीने तो दोन बोटांत उचलला. "माताजी, ये क्या चीज है?"

आत्याला अडकित्त्याचं हिंदी येत नव्हतं. मग तिने प्रात्यक्षिक केलं. सुपारी पात्यात धरली, कुर्र, कट्ट, आणि एक खांड त्या मुलीपुढे केलं. मागच्या रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलगी हसली, पण अडकित्ता आणि पुऱ्या लॉकरमध्ये गेल्या. टोकन मी खिशात टाकलं. नंबर ४३.

ताजमहालाबद्दल मी काय लिहिणार? लाल दगडाच्या मोठ्या दरवाजाच्या काळोखातून जाताना समोर तो एकदम येतो, आणि फोटोत हजारदा पाहिला असूनही पाय थांबतात. आत्यासुद्धा मिनिटभर गप्प होती. गाईडने छत्री खाली केली, म्हणजे त्यालाही कळत होतं की इथे बोलायचं नाही. तो मिनिट संपल्यावर मात्र तो सुटला.

"बीस हजार कारीगरों के हाथ कटवा दिये थे शाहजहाँ ने."

"पुरावा?" आत्या.

"जी?"

"प्रूफ. काम सुरू झालं १६३२ ला. दिल्लीचा लाल किल्ला सुरू झाला १६३९ ला, इथलं काम चालू असतानाच. मग हात तोडल्यावर तो काय पायांनी बांधला?" हे सगळं मराठीत. मी हिंदीत सांगायला लागलो तर मला गप्प बसवून ती स्वतःच पुढे सरसावली. "भैया, हमारी चेष्टा कर रहे हो क्या?"

गाईडने हात जोडले. "जी माताजी, पूरी चेष्टा कर रहे हैं!"

हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे मी आत्याला समजावेपर्यंत घोळका काळ्या ताजमहालापाशी पोचला होता. नदीपलीकडे शहाजहान काळा ताज बांधणार होता म्हणे. पलीकडच्या मेहताब बागेत खोदकाम झालं तेव्हा तलाव सापडला, काळ्या ताजचा पाया नव्हे. आत्याने हेही सांगितलं. नंबर ९ ने जाहीर केलं की मी आजपासून माताजींच्याच ग्रुपमध्ये.

आणि मग बायको बोलली. गाईड म्हणत होता की मुमताज १६३१ साली बाळंतपणात गेली, चौदावं मूल. "कुठे गेली ते सांगा की," बायको म्हणाली. "बुरहानपुर में, मॅडम." झालं. "आमचं बऱ्हाणपूर! भुसावळहून तासाभरावर. सहा महिने आमच्या तापीकाठीच पुरलेली होती, मग इकडे आणली." तिने हे अशा सुरात सांगितलं की माहेरच्या माणसाला सासरी फार मोठं घर मिळालंय, पण विचारलं कुणी नाही. त्यानंतर दिवसभर तिने ताजमहालाकडे जरा नातेवाईकासारखंच पाहिलं. संगमरवर मकराण्याचा, ठीक आहे, पण बाई आमच्याकडची.

बोटाने घुमट धरल्याचा फोटो काढायचाच होता. अकरा प्रयत्नांत बायकोची चिमूट कधी मिनारावर, कधी एका जपानी पर्यटकाच्या टोपीवर बसली. बारावा बरा आला. आत्या फोटो पाहून म्हणाली, "घुमटाचा कान पिळल्यासारखं दिसतंय."

जेवण झालं. पनीर होतं. पुढे जाऊ.

कार्यक्रमपत्रिकेत जेवणानंतर 'आग्रा किल्ला' लिहिलं होतं. त्याच्या वर, बारीक अक्षरात, 'हस्तकला दर्शन (ऐच्छिक)'. बस दोन वाजता एका बिनखिडक्यांच्या इमारतीपुढे थांबली. आत गेलो, आणि मागे दरवाजा एका भल्याथोरल्या मिशांच्या माणसाने ओढून घेतला. ऐच्छिक म्हणजे कुणाची इच्छा, हे पत्रिकेत लिहिलेलं नव्हतं.

मला त्या कलेबद्दल आदर आहे. एक म्हातारा कारागीर भाताच्या दाण्याएवढा अकीक चाकावर घासून पाकळी करत होता, दगडात कोरलेल्या खाचेत ती बसवत होता. पच्चीकारीचं हे काम पाहत मी दोन तास उभा राहिलो असतो. पण ते पाच मिनिटांत संपलं आणि दिवे मालवले गेले. दगडाखाली बॅटरी धरून लाल फूल पेटवून दाखवलं गेलं. मग दिवे लागले, चहा आला, आणि प्रत्येकाच्या शेजारी एकेक विक्रेता उगवला. टेबल पंचेचाळीस हजार. जहाजाने घरपोच. आमचं घर चिंचवडला आहे, हे सांगितल्यावर तो म्हणाला, "नो प्रॉब्लम."

दोन वीस. दोन पस्तीस. आत्याने गाईडला किल्ल्याचं विचारलं. त्याने घड्याळ पाहिलं, छत पाहिलं आणि म्हणाला, "माताजी, बाहर से भी बहुत सुंदर दिखता है."

आत्याचा चेहरा मी तसा फक्त एकदाच पाहिला होता, शाळेने इतिहासाचे तास कमी केले तेव्हा. आग्र्याला येऊन किल्ला बाहेरून? ती सोफ्यावर माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "चौथीचा धडा आठवतोय ना?"

महाराष्ट्रात चौथी पास झालेल्या माणसाला तो विसरता येत नाही. १२ मे १६६६, औरंगजेबाचा दरबार, महाराजांचा अपमान. मग फुलादखानाचा पहारा. मग आजाराचं सोंग, मिठाईचे पेटारे आणि १७ ऑगस्टची सुटका.

"मी आजारी पडते," आत्या म्हणाली. "ही माझ्याबरोबर येईल, हिला संभाजीराजे धर."

"आणि मी?"

आत्याने दरवाजातल्या मिशांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मागे हिरोजी लागतोच रे."

तिने कपाळाला हात लावला आणि बारीक आवाजात "अगं आई गं" म्हटलं. शिक्षिकेने केलेलं नाटक असल्यामुळे ते शेवटच्या बाकापर्यंत पोचलं. दुकानात धावपळ. पाणी आलं, पंखा आला. 'हवा, हवा' असं बायको म्हणाली आणि मिशांनी स्वतः दरवाजा उघडला. उघड्या दरवाजातून मला दिसलं, त्या दोघी ई-रिक्षात चढत होत्या. आजारी बाई आधी चढली.

मी शाल पांघरून बसलो. अंगठी दिसेल असा हात बाहेर ठेवायचा, एवढं मला पाठ होतं. हात बाहेर ठेवला, तर त्यात विक्रेत्याने हत्ती दिला.

जाळीदार हत्ती. पोटात आणखी एक हत्ती. "प्योर मार्बल, सर. साढ़े छह हजार." मी नको म्हणालो. चार हजार. मी गप्प. अडीच. माझं गप्प बसणं त्याला मुरलेल्या गिऱ्हाइकाची चाल वाटत होती. हिरोजीला तिथे किती दर पाडून घेता आला असता, याचा विचार धड्यात नव्हता. शेवटी नऊशेला तो माझ्या गळ्यात पडला. "माताजी के लिए दवाई लाता हूँ," असं म्हणत मी उठलो, आणि हे वाक्यही त्याच धड्यातलं आहे हे मला बाहेर उन्हात आल्यावर आठवलं.

किल्ल्यासमोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. नऊशे रुपयांचा हत्ती काखेत मारून त्यांच्यापुढे उभं राहायला मला जरा संकोचच वाटला. नमस्कार केला आणि अमरसिंह दरवाजाने आत पळालो. अकबराने १५६५ मध्ये बांधायला घेतलेल्या त्या लाल भिंतींमध्ये आत्याला शोधणं सोपं गेलं. दिवाण-ए-आमपाशी पंधरावीस अनोळखी माणसं गोल करून उभी होती, मधोमध आत्या.

"इथे, दरबारासमोर, ही इंग्रज अधिकाऱ्याची कबर! कोल्विन, १८५७ साली गेला. जागा तरी कुठली निवडावी!" मग ती सगळ्यांना मुसम्मन बुर्जाकडे घेऊन गेली. तिथून ताज दिसतो. साडेसात वर्षं शहाजहान स्वतःच्या मुलाच्या कैदेत या किल्ल्यात होता. "जानेवारी १६६६ मध्ये गेला. महाराज इथे आले तेव्हा त्याला जाऊन चारच महिने झाले होते. आणि लक्षात ठेवा, महाराज या किल्ल्यात कैदेत नव्हते. रामसिंहाच्या तळाजवळ होते. दरबार फक्त इथे."

पलीकडे यमुनेवर धूसर हवा होती आणि तिच्यात ताज, बायकोच्या चिमटीत मावेल एवढा. कुणीच बोललं नाही. मी घाम पुसत, हत्ती सांभाळत उभा राहिलो, आणि खरं सांगायचं तर तेवढ्यासाठी नऊशे रुपये काही फार नव्हते.

चार वाजता केशरी छत्री आली. मागे उरलेले एकोणीस जण, हातात खोकी. आत्याने लगबगीने कपाळाला हात लावला.

"रहने दीजिए, माताजी," गाईड हसून म्हणाला. "महाराष्ट्र का ग्रुप हो, तो उस दुकान में एक माताजी बीमार पड़ती ही हैं."

आत्या त्या संध्याकाळी याच एका गोष्टीवर थोडी नाराज होती.

पेठ्याच्या दुकानात थांबून (ऐच्छिक) आम्ही ५.५० ची गाडी पकडली. सगळ्यांच्या मांडीवर पेठ्याचे डबे होते. एवढ्या मिठाईसह आग्र्याबाहेर पडताना आम्हाला कुणीही अडवलं नाही. चहा झाला. आत्याने चंची सोडली, सुपारी काढली, हात चाचपला. पुन्हा चाचपला.

मी खिशात हात घातला. टोकन नंबर ४३.

"आपण सुटलो," आत्या म्हणाली, "अडकित्ता अडकला."

"उद्या येऊन घेऊन जातो," मी म्हणालो.

"उद्या शुक्रवार," बायको म्हणाली. "ताज बंद. ही गाडीपण नसते." मग जरा थांबून, "आणि पुऱ्या?"

पुऱ्यांबद्दल कुणाला काही बोलवेना. आत्याने सुपारी समोरच्या ट्रेवर ठेवली, माझ्या मांडीवरचा हत्ती उचलला आणि मी काही म्हणायच्या आत तिच्यावर हाणला.

सुपारीला ओरखडाही आला नाही. हत्तीची सोंड तुटून माझ्या बुटाजवळ पडली. आत्याने ती उचलली, नखाने खरवडली, आणि बोटावर आलेली पांढरी भुकटी माझ्यापुढे धरली.

"संगमरवर म्हणे. शंखजिरं आहे. अंगाला लावायची पावडर करतात याची."