घरी शिकणारं मूल आणि बाहेरचे आवाज: फिरणाऱ्या सल्ल्यात काय चुकतं

मुलांना घरीच शिकवणाऱ्या पालकांमध्ये एक सल्ला खूप फिरतो. थोडक्यात असा: निसर्गाचे आवाज शिकवायचे तर मुलाला पहाटे जंगलात न्या. डोळे मिटून अर्धा तास गप्प बसवा. पक्षी ओळखणारं ॲप चालू ठेवा आणि ते सांगेल ती नावं वहीत उतरवून घ्या. पक्षी बोलत नसतील तर मोबाइलवर त्यांचाच आवाज वाजवा. पावसाळ्यात हा अभ्यास बंद ठेवा. सल्ल्यामागची तळमळ खरी आहे, पण क्रम पूर्ण उलटा आहे. आवाज कुठून आला, कसा होता, कालच्यापेक्षा वेगळा होता का, हे मुलाला सांगता आलं की ते ऐकायला शिकलं. नाव त्यानंतर येतं.

‘शहरात ऐकण्यासारखं काही नसतं, जंगलातच जा.’ एखादं वडाचं किंवा उंबराचं झाड असलेलं सोसायटीचं आवार पुरतं. तिथे तांबट, बुलबुल, शिंपी, दयाळ, कोकीळ, साळुंकी, भारद्वाज यांपैकी चार-पाच तरी वर्षभरात नक्की ऐकू येतात. शिवाय खार असते, रातकिडे असतात, भिंतीवर पाल चुकचुकते. जंगलात एकदा जाऊन पन्नास अनोळखी आवाजांचा कल्लोळ कानावर पडतो आणि मुलाच्या हाती काहीच लागत नाही. त्याच आवारात आठवड्यातून तीनदा बसलं, तर मार्चमध्ये दयाळ गायला लागला आणि थंडीत गप्प असलेला तांबट पुन्हा सुरू झाला, हे मुलाच्या आपोआप लक्षात येतं. सहल जरूर काढा, पण अभ्यास रोजच्या जागेवर होतो.

पहाटेबद्दल सल्ला बरोबर आहे. तेव्हा वारा पडलेला असतो आणि रहदारी कमी असते. फक्त घड्याळ सूर्योदयाला बांधा. मुंबईत जूनच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीच्या मध्यावर सव्वासातच्या आसपास. बारा महिने सहाचाच गजर लावला तर थंडीत काळोखात बसावं लागतं.

‘डोळे मिटून अर्धा तास शांत बसवा.’ या मुद्द्यावर सगळ्यात जास्त मुलं वैतागतात आणि हा अभ्यास घरातून कायमचा हद्दपार होतो. पाच वर्षांच्या मुलाला दोन मिनिटं भरपूर झाली, आठ वर्षांच्या मुलाला पाच, अकरा-बारा वर्षांच्या मुलाला दहा. तेवढ्या वेळात त्याच्या हाताला काम हवं. ते काम म्हणजे आवाजांचा नकाशा.

क्लिपचं पॅड, A4 कागद आणि मऊ पेन्सिल घ्या. कागदाच्या मधोमध फुली मारा, ती म्हणजे मूल. वरच्या कडेला समोर दिसणारी न हलणारी खूण काढा, पाण्याची टाकी किंवा विजेचा खांब. मूल भिंतीला किंवा बुंध्याला पाठ टेकून बसेल असं पाहा. याला कारण आहे. डावी-उजवी बाजू आपल्याला कळते, कारण आवाज एका कानाला दुसऱ्याच्या किंचित आधी आणि किंचित मोठा पोचतो. नेमका समोरचा आणि नेमका पाठीमागचा आवाज मात्र दोन्ही कानांना एकदमच पोचतो, त्यामुळे गल्लत होते. पाठ टेकली की मागची बाजू बरीचशी बाद होते. तरी शंका राहिली तर मुलाला मान थोडी वळवायला सांगा. मान वळली की दोन्ही कानांमधला फरक बदलतो आणि दिशा पक्की होते.

पहिलं मिनिट मोजू नका. तुमच्या येण्याने खार, पक्षी आणि रातकिडे गप्प झालेले असतात. मग प्रत्येक आवाजासाठी कागदावर एक खूण: जवळचा फुलीजवळ, लांबचा कडेला. शब्द लिहायचे नाहीत. चढत जाणाऱ्या आवाजाला चढती रेघ, ठोक्यांना ठिपके, खरखरीला नागमोडी. स्कूटर, कुकरची शिट्टी, कबुतरांची फडफड, सगळं येऊ द्या. गोंगाट वगळायला लावलं तर मूल ऐकण्याऐवजी तुम्हाला काय आवडेल ते निवडू लागतं.

डोळे मिटायचेच असतील तर अर्धा मिनिट मिटा. आवाज आला की मुलाने बोट दाखवायचं आणि मग डोळे उघडून बोट बरोबर होतं का ते पाहायचं. नुसतं मिटून बसलं तर आवाज आणि तो काढणारा जीव यांची गाठ कधीच पडत नाही.

बिघडतं ते साध्या गोष्टींनी. कुरकुरणारा विंडचीटर, चावणारे डास, आणि ‘ऐकलंस का, ऐकलंस का’ असं दर दहा सेकंदांनी विचारणारे आई-बाबा. आणखी एक नेहमीची चूक: मोठा आवाज म्हणजे जवळचा किंवा मोठ्या जीवाचा, असं मुलं धरून चालतात. शिंपी जेमतेम 13 सेंटिमीटरचा, पण त्याचं ‘टुविट टुविट’ सगळं आवार भरून टाकतं. ही चूक सांगून सुधारू नका, झाडाखाली नेऊन त्याला तो पक्षी शोधू द्या.

आजी-आजोबा सोबत बसत असतील तर हेही माहीत असू द्या: वय वाढतं तसा उंच पट्टीचा आवाज आधी हरवतो. नातवाला ऐकू येणारा एखादा कीटक आजोबांना ऐकू येत नसेल, तर मूल थापा मारतंय असं समजू नका.

‘ॲप लावा, नाव लिहा.’ मर्लिनसारखं ॲप उपयोगी आहे, यात वाद नाही. पण ते फक्त पक्षी ओळखतं. खारीची इशाऱ्याची चिकचिक पुष्कळांना पक्ष्याची वाटते, आणि तिचं नाव ॲपकडून मिळणार नाही. नकला करणाऱ्यांपुढे तर ॲपच काय, साळुंक्याही फसतात: कोतवाल शिक्रा या शिकारी पक्ष्याचा आवाज काढून साळुंक्यांना उडवून लावतो आणि त्यांचा घास पळवतो, अशा नोंदी आहेत.

त्याहून मोठी अडचण अशी की नाव हाती आलं की मूल ऐकणं थांबवतं. ‘तांबट’ लिहून मोकळं झालेल्या मुलाने काय काय गमावलं ते पाहा. हा पक्षी मिनिटाला साधारण 80 ते 120 ठोके देतो. मुलाने 15 सेकंद मोजावेत, चारने गुणावं, सकाळ-दुपारचे आकडे शेजारी लिहावेत. दुर्बिणीतून पाहिलं तर आवाज काढताना चोच मिटलेली दिसते आणि गळा फुगतो. डोकं हलत असल्याने आवाज कधी इकडून तर कधी तिकडून येतोय असा भास होतो. आणि पुण्याच्या तांबट आळीत, तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या गल्लीत, हातोडीचे ठोके ऐकवलेत तर नाव पाठ करायची गरजच उरणार नाही.

कोकिळेचंही तसंच. ‘कोकिळा गाते’ असं आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणतो, पण कुहूकुहू करणारा असतो काळा नर. तपकिरी, ठिपक्यांची मादी ‘किक् किक् किक्’ करते. नकाशावर वेगळ्या वाटणाऱ्या दोन खुणा एकाच जातीच्या निघाल्या की मुलाला जो आनंद होतो, तो ॲप आयता हातात देऊन हिरावून घेतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी मुलाची रेघ, मग मुलाने स्वतः जुळवलेले शब्द (पावशा पक्ष्याचं ‘पेर्ते व्हा’ही कुणीतरी असंच जुळवलं), आणि आठवड्याने ॲप. तेव्हा ॲपमधलं आवाजाचं चित्र आपल्या रेघेशेजारी धरून पाहायचं.

‘पक्षी गप्प असतील तर रेकॉर्डिंग वाजवा.’ हे करू नका. विणीच्या काळात नराला तो आवाज आपल्या हद्दीत घुसलेल्या दुसऱ्या नराचा वाटतो. तो घरटं, पिल्लं, खाणं सोडून भांडायला येतो, आणि आपण त्याला ‘आला, आला’ म्हणतो. आज कुणी बोललं नाही, हीसुद्धा नोंद आहे. ती तारखेसह लिहा.

‘पावसाळ्यात बंद.’ उलट, हा सुगीचा काळ. खिडकीशी बसून पत्र्यावर, ताडपत्रीवर, अळूच्या पानावर पडणारा पाऊस वेगवेगळा ओळखता येतो. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागलं की अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. हे फक्त घरात बसून करायचं, आणि आकडा 30 सेकंदांच्या आत असेल तर बाहेर कुणीही थांबायचं नाही.

पहिल्या मोठ्या पावसानंतर, विजा थांबल्यावर, संध्याकाळी बूट घालून बॅटरीच्या उजेडात एखाद्या डबक्याकडे जा. ओरडणारे बेडूक जवळजवळ सगळे नरच असतात. काही मोठ्या बेडकांचे नर या दिवसांत पिवळेधमक होतात आणि त्यांच्या गळ्याच्या पिशव्या निळ्या दिसतात. पाऊल वाजलं की सगळे एकदम गप्प होतील. पाच पावलं मागे थांबा, बॅटरी विझवा, आणि पहिला बेडूक पुन्हा ओरडायला किती सेकंद घेतो ते मुलाला मोजू द्या.