रेणू खंयची?

विज्ञानाची चाचणी उद्या आहे, हे आमच्या चिरंजीवांना रात्री साडेआठला आठवलं. बाहेर आषाढातला पाऊस, लाइट नेहमीप्रमाणे गेलेली, विज्ञान शिकलेली बायको माहेरी. उरलो मी, कॉमर्सवाला.

‘बाबा, अणू आणि रेणूत फरक काय?’

एवढं मला येत होतं. अणू म्हणजे मूलद्रव्याचा सगळ्यात लहान कण, आणि दोन किंवा जास्त अणू जोडले गेले की रेणू. छाती काढून सांगितलं. चिरंजीवांनी मोबाइल पुढे केला. त्यात एक सर हिंदीतून ठणकावत होते की अनेक परमाणु जोडून अणु बनतो. म्हणजे आपला अणू तो त्यांचा परमाणु, आणि आपला रेणू तो त्यांचा अणु! शेवटी जैतापूर धावून आलं. तोच प्रकल्प मराठी पेपरात अणुऊर्जेचा, हिंदीत परमाणु ऊर्जेचा. पोराला पटलं. मला अजून नीटसं पटलेलं नाही.

तेवढ्यात चुलीपाशी बसलेल्या आईने कान टवकारले. ‘कोण रे ही रेणू? खंयची? वरच्या वाडीतली?’

‘आजी, दोन अणू जोडले की रेणू होतो.’

‘मगे लगीन झाला काय तेंचा?’

लग्नाचं हे प्रकरण खरं तर सोयीचं होतं. सोडियमला पाणी लागलं की भडका उडतो, म्हणून त्याला रॉकेलात बुडवून ठेवतात. क्लोरीन विषारी, १९१५ मध्ये युद्धात सैनिकांवर सोडला होता. आणि हे दोन दिवटे एकत्र नांदायला लागले की मीठ होऊन आईच्या खाऱ्या बांगड्यावर निमूट बसतात! संयुगात घटकांचे मूळ गुण राहत नाहीत ते असे. आईला यात नवल वाटलं नाही. तिने गावातली तीन जोडपी नावानिशी सांगितली, ती इथे देत नाही.

पण पोर विजयदुर्गच्या शाळेत जाणारं. ‘मग हेलियमचं काय?’ १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात हेलियम आमच्या किल्ल्यावरून सापडला, असं इथे शेंबडं पोरही सांगतं. पुस्तकं म्हणतात, ग्रहण बघणारा फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता आणि इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियरने सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेघ नंतर इंग्लंडातूनच पाहिली. हा वाद मी घरात काढत नाही. तर हा हेलियम कुणाशी जोडीच जमवत नाही. एकटाच अणू, तोच रेणू. माझी ‘दोन किंवा जास्त’वाली व्याख्या अर्ध्या तासात निकालात निघाली.

इज्जत वाचवायला मी गंजाचं उदाहरण घेतलं, आणि बॅटरी घेऊन त्याला फाटकापाशी नेलं. इथेच चुकलो. लोखंड, हवेतला ऑक्सिजन आणि पाणी मिळून गंज होतो, खाऱ्या वाऱ्याने तर जास्तच लवकर, असं सांगत असताना त्याने कडीजवळ नख लावलं. खारीचा पदर सुटावा तसा पापुद्रा सुटून हातात आला. आत दुसरा, त्याच्या आत तिसरा. गेल्या दिवाळीत बसवलेलं फाटक!

‘हा खरवडून लोखंड परत मिळेल?’

‘नाही. ते आता वेगळंच संयुग झालंय.’

‘आणि पैसे?’

घरात येताना चिऱ्याची भिंत उगाच निरखून पाहिली. जांभ्याचा तांबडा रंगही लोखंडाच्या ऑक्साइडचाच. म्हणजे घर बांधलं तेच गंजलेलं.

जेवायला बसलो. पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन वजनाने १ ला ८ असेच असतात, मग ते विहिरीतलं असो की पागोळ्यांचं. मिश्रणात मात्र प्रमाण ठरलेलं नसतं, हे सांगून मी सोलकढीची वाटी तोंडाला लावली. प्रमाण खरंच ठरलेलं नव्हतं. अंधारात आईच्या हातून मीठ दोनदा पडलं होतं.

‘आजी, मिश्रण आहे, काळजी नको,’ चिरंजीव पुस्तक मिटत म्हणाले. ‘घटक वेगळे करता येतात. तापवून आटवली की मीठ खाली उरेल.’

आईने वाटी त्याच्या हातातून काढून घेतली. ‘तापवून बघ! नारळाचो रस फुटलो काय मगे तुझी ती रेणूच येतली निस्तरूक.’