ट्रक अडवून झाल्यावर

रात्री महामार्गावर कत्तलीच्या संशयावरून जनावरांचा ट्रक अडवला गेला की सकाळपर्यंत त्याची छायाचित्रे तालुक्यातल्या प्रत्येक मोबाइलवर पोहोचलेली असतात. अडवणाऱ्यांचे सत्कार होतात, गळ्यात हार पडतात, फलकही लागतात. त्या ट्रकमधली जनावरे मात्र त्याच पहाटे कुठल्यातरी गोशाळेच्या दारात उतरवली जातात आणि पुढची कित्येक वर्षे त्यांचे पोट कोण भरतो, याची चौकशी सहसा कोणी करत नाही. गोसेवेचे सगळे श्रेय आपण त्या एका रात्रीला देऊन टाकतो, हे मला पटत नाही. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे.

वर्धा जिल्ह्यात आर्वीकडच्या आमच्या भागातल्या एका लहान गोशाळेत रोज पहाटे एक गृहस्थ येतात. एसटीत चालक होते, आता निवृत्त आहेत; सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांना तिथे पगार नाही, पद नाही आणि संस्थेच्या फलकावर नावही नाही. नवी जनावरे उतरली की पहिली हाक त्यांनाच जाते. दाटीवाटीने, पाय बांधून आणलेल्या जनावरांपैकी काहींना उभेही राहता येत नाही. अशा वेळी जमलेली मंडळी मायेपोटी टोपलेभर ढेप, म्हणजे पेंड, पुढे ठेवायला निघतात, आणि मामा त्यांना अडवतात. उपाशी पोटात एकदम ढेप किंवा धान्य गेले तर पोट फुगून, आम्ल वाढून जनावर दगावू शकते. म्हणून आधी थोडे थोडे पाणी, मग सुके कुटार (मळणीनंतर उरणारा भुसा), आणि ढेपेचे नाव दोन-चार दिवसांनी, अशी त्यांची पद्धत आहे. बसून राहिलेल्या जनावराखाली तणस अंथरून त्याला दर काही तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर खालच्या अंगाला जखमा होतात. तीन-साडेतीनशे किलोचा बैल वळवायला चार माणसे लागतात. ती चार माणसे दुपारी दोन वाजता, वैशाखाच्या उन्हात कोठून आणायची, हा प्रश्न सत्काराच्या कार्यक्रमात कोणी विचारत नाही.

गेल्या पावसाळ्यात तिथे गौळाऊ या आपल्याकडच्या देशी जातीचा एक म्हातारा बैल होता. तो सारखी मान झटकायचा, एका नाकपुडीतून रक्त यायचे आणि त्या बाजूचे शिंग मुळाशी मऊ होऊन कलले होते. शिंगाचा कर्करोग. आपल्याकडच्या बैलांमध्ये हा आजार जुना आणि ओळखीचा आहे. पशुवैद्यकांनी जागा बधिर करून शिंग मुळापासून काढले. पण शिंगाच्या आत पोकळी असते आणि ती थेट कपाळातल्या पोकळीला मिळते, त्यामुळे तिथे उघडे भोक राहते. पट्टी बदलताना मी शेजारी उभा होतो. बैलाच्या प्रत्येक श्वासाबरोबर जखमेच्या कडेला चिकटलेला कापूस हलत होता. पावसाळ्यात अशा जखमेवर माशी बसली की किडे पडायला वेळ लागत नाही. मामांनी चिमट्याने एकेक किडा वेचला, औषधाचा बोळा बसवला, आणि हे सगळे बैलाशी गप्पा मारत मारत केले. जखम भरेपर्यंत हा क्रम एक दिवसही चुकला नाही. त्यांच्या या कामाचे छायाचित्र कोणी काढलेले मी पाहिले नाही. काढले तरी ते पाहवणार नाही, हेही खरे.

कायद्याची बाजूही थोडी सांगायला हवी. १९७६ च्या महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियमात २०१५ मध्ये दुरुस्ती झाली आणि गायींबरोबरच बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. बैलाचे औताचे दिवस संपल्यावरही तो अनेक वर्षे जगतो, आणि त्या वर्षांची वैरण शेतकऱ्याने कोठून आणावी, याचे उत्तर त्या दुरुस्तीत नव्हते. जप्त जनावरे खटला चालू असेपर्यंत गोशाळेकडे किंवा पांजरपोळाकडे देण्याची आणि त्यांच्या देखभालीचा खर्च संबंधितांकडून वसूल करण्याची तरतूद केंद्राच्या २०१७ च्या नियमांत आहे. पण न्यायालयाची तारीख पुढे जाते आणि जनावराची भूक तशी पुढे ढकलता येत नाही. राज्य सरकारने २०२४ मध्ये गोशाळांतील देशी गायींसाठी प्रतिदिन ५० रुपयांची योजना आणली, ते चांगलेच झाले. तरीही सहा-सात किलो सुकी वैरण, औषधे आणि माणसाची मजुरी एवढ्यात भागत नाही.

वैरण महागण्याचे एक कारण आपल्याच शेतात आहे. आपण ज्वारी सोडून कपाशी आणि सोयाबीनकडे वळलो, आणि ज्वारीबरोबर कडबाही गेला. त्यामुळे खरिपाच्या तोंडावर बियाण्यासाठी म्हातारा बैल बाजारात नेणाऱ्या शेतकऱ्याला कसाई म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ म्हणणारा माणूसही तोच असतो.

वर्ध्याला तर या कामाची वेगळीच परंपरा आहे. गांधीजींचे सहकारी, उद्योगपती जमनालाल बजाज यांनी आयुष्याची अखेर गोसेवेला वाहिली आणि १९४२ च्या फेब्रुवारीत ते गेले. त्या काळच्या गोसेवेत चांगली पैदास, स्वच्छ दूध, शेणखत, इतकेच काय, मेलेल्या जनावराच्या कातड्याचा उपयोगही होता. त्यासाठी वर्ध्याजवळ नालवाडीला चर्मालय, म्हणजे कातडी कमावण्याचे केंद्र, चालवले गेले. शेणात हात घालणारी, हिशेब ठेवणारी ती सेवा होती. घोषणांची सेवा नंतर आली.

आता येतात ते वाढदिवसवाले. त्यांचा भाव चांगला असतो, पण भंडाऱ्यात उरलेला भात, पोळ्यांची चळत आणि गुळाच्या ढेपा एकाच दुपारी गव्हाणीत ओतल्या तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर बोलवावा लागतो. त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या तशाच पडलेल्या असतात, त्या पोटात गेल्या की शस्त्रक्रियेशिवाय निघत नाहीत. मामा हात जोडून सांगतात, ‘पोराचा वाढदिवस हाय त पेढे पोरालेच द्या बाप्पा, याईले कुटार आना.’ काही जण रागावून निघून जातात.

तेव्हा ज्यांना खरोखर काही करायचे आहे त्यांच्यासाठी सांगतो. सोयाबीन मळून झाल्यावर कुटार धुऱ्यावर (बांधावर) पेटवू नका. दिवाळीच्या सुमारास गोशाळेचा ट्रॅक्टर गावोगाव फिरतो, तो भरून द्या. तुरीचे आणि हरभऱ्याचे कुटारही चालते. तोवर ते ताडपत्रीखाली ठेवा, कारण भिजून बुरशी आलेले कुटार जनावराला घालता येत नाही आणि ते निवडत बसायला तिथे माणसे नाहीत. ज्यांच्याकडे शेत नाही त्यांनी महिन्यातली एक दुपार द्यावी, जुने कपडे घालून यावे, आणि मामा सांगतील त्या बाजूने बैलाला हात लावावा.