मिनिटाला किती टाके?

मफलर विणायला घेतला तेव्हा थंडी सुरू व्हायची होती, आता ती संपत आली आणि मफलर अजून हातभरही झालेला नाही. मग मी ठरवलं की दोष माझा नाहीच, लोकर धरायच्या पद्धतीचा आहे.

वेगवेगळ्या पद्धतींनी मिनिटाला किती टाके पडतात ते बघायला मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं. आधी माझी नेहमीची पद्धत, लोकर उजव्या हातात, दर टाक्याला सुई सोडायची, धागा गुंडाळायचा, परत सुई पकडायची. मिनिटाला 18 टाके, त्यातले दोन निसटलेले. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरच्या, वेगाने विणण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या हेझल टिंडल बाईंनी 2008 मध्ये तीन मिनिटांत 262 टाके विणलेत, आणि माझा तर एवढा वेळ नुसता चष्मा शोधण्यात जातो.

मग कॉन्टिनेन्टल पद्धत. यात लोकर डाव्या तर्जनीवर आणि सुईच्या टोकाने ती नुसती उचलायची, हात फारसा हलतच नाही म्हणून स्पीड. सुलट टाके खरंच सटासट पडले, 26! पण उलट टाका आला की धागा बोटावरून घसरतो, म्हणून करंगळीला एक वेढा दिला, भीतीपोटी अजून दोन दिले, तर करंगळी निळी पडायला लागली.

शेटलंडमध्ये कमरेला चामड्याचा पट्टा बांधतात, त्याला भोकं असतात, आत घोड्याचे केस भरलेले, त्यात उजवी सुई खोचली की ती हलत नाही आणि बोटं धागा टाकायला मोकळी. आता पट्टा कुठून आणू, म्हणून सुई काखेत धरली (तशीही पद्धत आहे, मी शोधलेली नाही). ती लांब लागते, माझी आखूड, त्यामुळे दंड अंगाला चिकटवून बसले होते तर नवऱ्याने विचारलं, "ताप किती आहे?"

शेवटी पोर्तुगीज. लोकर मानेमागून फिरवून पुढे आणायची आणि डाव्या अंगठ्याने टिचकी मारायची, बस्स. उलट टाका इतका सोपा की आत्तापर्यंत ज्यांनी मला छळलं त्या सगळ्या उलट ओळी आठवून राग आला. 31 वर पोचले आणि बेल वाजली. तशीच उठले, गळ्यात लोकर, मागून गुंडा टुणटुणत, त्याने वाटेत खुर्चीला वळसा घातला आणि दार उघडेपर्यंत मला चांगलाच फास बसला.

दारात सासूबाई. त्यांनी आधी मला सोडवलं, मग मफलर उलगडून उजेडात धरला. हात बदलला की धाग्याचा ताण बदलतो हे त्या क्षणी दिसलं मला, वर रुंद, मधे आवळलेला, खाली परत सुटलेला.

"अगं, कमरेत काय छान घेतलायस गं," त्या म्हणाल्या, "बाह्या कधी लावणार?"