खुलासा: स्टॅनफर्ड दाम्पत्याचा हार्वर्डमध्ये अपमान झालाच नव्हता

हार्वर्डमध्ये शिकलेल्या आपल्या दिवंगत मुलाचं स्मारक व्हावं म्हणून विटक्या कपड्यांतलं एक जोडपं हार्वर्डच्या अध्यक्षांना भेटायला जातं, ताटकळत बसतं, अपमान होतो आणि त्या रागातून स्टॅनफर्ड विद्यापीठ उभं राहतं, ही गोष्ट पुन्हा फिरते आहे. ऐकायला झकास, पण खोटी. स्टॅनफर्ड दाम्पत्याचा मुलगा हार्वर्डमध्ये शिकतच नव्हता. १८८४ मध्ये पंधराव्या वर्षी तो फ्लॉरेन्सला विषमज्वराने गेला. वडील लेलँड हे कॅलिफोर्नियाचे माजी गव्हर्नर आणि रेल्वेसम्राट. त्यांना कोण ताटकळत ठेवणार? हार्वर्डचे अध्यक्ष एलियट त्यांना भेटले ते सल्ला द्यायला.

गंमत म्हणजे या गोष्टीत लेलँड यांच्या पत्नी जेनबाईंची खरी कामगिरी येतच नाही. विद्यापीठ १८९१ मध्ये सुरू झालं आणि १८९३ मध्ये लेलँड वारले. इस्टेट कोर्टात अडकली, वर रेल्वेच्या कर्जापोटी सरकारने दीड कोटी डॉलरचा दावा ठोकला. बाईंना घरखर्चाला महिना १०,००० डॉलर मंजूर झाले. त्यांनी प्राध्यापकांना कागदोपत्री घरचे नोकर ठरवलं आणि त्याच पैशातून पगार भागवले! स्वतःचा खर्च त्यांनी ३५० डॉलरवर आणला. १८९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने दावा फेटाळला. तरी पुढच्या वर्षी बाई दागिने विकायला लंडनला गेल्या. मनासारखा भाव आला नाही. पुढे त्या दागिन्यांच्या पैशातून ग्रंथालयासाठी निधी उभा राहिला.

बाई काही देवी नव्हत्या. १८९९ मध्ये विद्यार्थिनींची संख्या ५०० वर गोठवली ती त्यांनीच.