हापूस मांसाहारी आहे

लिफ्टमध्ये एक पाय टाकला आणि वॉचमन आडवा आला. "साहेब, आ पेटी लिफ्टमां नहीं चाले."

पेटी म्हणजे माझा आइसबॉक्स. पांढऱ्या झाकणाचा, कडीला नायलॉनची दोरी बांधलेला. रत्नागिरीहून ओख्याच्या गाडीत रात्रभर मी त्याच्यावर पाय ठेवून झोपलो होतो. का नाही चालणार, असं विचारल्यावर त्याने नाक वर करून एकदा हुंगलं आणि कमिटीला फोन लावला. कमिटी तिसऱ्या मजल्यावर राहते. ती त्याच लिफ्टने खाली आली.

थोडक्यात सांगायचं तर मी मूळचा बडोद्याचा. दांडिया बाजारातला वाडा बिल्डरला गेला आणि आई या नव्या सोसायटीत सहाव्या मजल्यावर आली. मी त्याआधीच रत्नागिरीला जाऊन बोट घेतली. हौशी गळवाल्यांना भाड्याने समुद्रात नेतो आणि संध्याकाळी जिवंत परत आणतो. पावसाळ्यात बोट शाकारून ठेवली की आईकडे येतो. आमच्या घराण्यात आजवर सगळे कारकून, मास्तर आणि एक तबलजी. त्यामुळे "मुलगा काय करतो" या प्रश्नाला आई "पर्यटनात आहे" असं उत्तर देते.

कमिटीचे काका बँकेतून निवृत्त झालेले. खाली पायजमा, वर मॅरेथॉनचा टी-शर्ट (धावला होता जावई). हातात टेरेसपासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळ्या चाव्यांचा जुडगा.

"काय आहे यात?"

"आंबे."

"उघड."

उघडली. पेंढ्यात हापूस, शेवटच्या तोडणीचा. काकांनी एक फळ उचललं, देठाशी नाक नेलं आणि डोळे मिटले. त्यांचा चेहरा क्षणभर इतका प्रसन्न झाला की मला वाटलं, सुटलो. मग भुवई हलली.

"आंबा उत्तम आहे. पण मागे काहीतरी आहे."

"मागे समुद्र आहे, काका."

"बांगडा?"

"नाही. आमिषाची तारली ठेवायचो त्यात."

"म्हणजे आहेच."

"होती. आता नाही. सोड्याने धुतलीय, लिंबू चोळलंय, उन्हात वाळवलीय."

"वास गेला का?"

"जवळजवळ."

"जवळजवळ!" काका वॉचमनकडे वळून म्हणाले. वॉचमनने मान हलवली. त्याला मराठी कळत नाही, पण काकांचा सूर कळतो.

मग नोटीस बोर्डापाशी नेऊन त्यांनी मला नियम दाखवला. मांसाहारी पदार्थ लिफ्टमधून नेऊ नयेत. मी म्हटलं, आंबा मांसाहारी नाही.

"आंब्याचं कोण म्हणतंय? पेटी आहे."

"पेटी प्लास्टिकची आहे."

"प्लास्टिकलासुद्धा संस्कार लागतात, बाळ."

यावर काय बोलणार? शिवाय काका वाईट माणूस नाहीत. त्यांना खरोखर तोडगा काढायचा होता, आणि निवृत्त माणसाला तोडगा काढायला मिळणं म्हणजे काय, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले, चाव्या मांडीवर ठेवल्या आणि विचार करू लागले. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या बेन भाजी घेऊन आल्या. त्यांना सगळं प्रकरण पहिल्यापासून गुजरातीत सांगण्यात आलं. त्यांनी आंब्याचा भाव विचारला. कुरिअरवाला आला, त्यालाही पेटी हुंगायला लावली. तो म्हणाला, मला सर्दी आहे. काकांनी त्याचं मत बाद केलं.

शेवटी निकाल लागला. आंबे लिफ्टने जातील, पेटी जिन्याने.

"पण काका, आंबे रात्रभर याच पेटीत होते. मग ते कसे चालतात?"

"आंब्याला साल असते," काका म्हणाले.

अशा रीतीने काकांच्या तीन कापडी पिशव्यांत भरून, काकांच्या सोबत, पंख्याचा वारा घेत माझे आंबे वर गेले. मी रिकामी पेटी खांद्यावर घेऊन सहा मजले चढलो. वर पोचलो तेव्हा आई म्हणाली, काका एक डझन "बघायला" घेऊन गेलेत.

मला राग कशाचा आला ते सांगतो. पेटीत मासे असते तर मी निमूट जिना चढलो असतो. मासे नव्हते! यंदा मे महिना असा गेला की वासाचं समर्थन करायला एक धड सुरमई माझ्याकडे नव्हती.

लोकांना वाटतं समुद्र म्हणजे मासे, आत हात घातला की आले. किनाऱ्याजवळच्या मासेमारीत समुद्रापेक्षा पंचांग जास्त लागतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. पाण्याला ओढ इतकी की जिग (धातूचं खोटं आमिष) तळाला पोचायच्या आत बोट पाण्याखालच्या खडपावरून पुढे गेलेली असते, आणि पाणी गढूळ. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटी कमी, पाणी मंद आणि निवळ, तेव्हा काहीतरी आशा. त्यातही भरतीची सुकती, म्हणजे ओहोटी, होताना जो थोडा वेळ मिळतो तोच खरा. पण पार्टीला भांग कळत नाही, शनिवार-रविवार कळतो. पुण्याची पार्टी सुट्टी बघून येणार, ती नेमकी उधाणात पडणार, आणि दुपारी मला विचारणार, "कॅप्टन, मासे कुठे गेले?" जणू मी ते रात्री उचलून दुसरीकडे लपवलेत.

फिश फाइंडर हा तर मी विकत घेतलेला शत्रू. पडद्यावर खडपाच्या बाजूला कमानी दिसतात, म्हणजे मासे. पार्टीतला एक जण दिवसभर त्यालाच चिकटून बसतो. "हे बघा, इथे आहेत. मग लागत का नाहीत?" अहो, पुण्यात इतकी माणसं आहेत, सगळी आत्ता जेवतायत का?

एकदा सुरमई लागली. खरंच लागली. रीळ किंचाळायला लागलं, दांडी वाकली, आणि ज्यांच्या हातात दांडी होती ते साहेब बायकोला ओरडून सांगू लागले, व्हिडिओ काढ, आडवा काढ, आडवा! सुरमईच्या तोंडात दातांची अशी रांग असते की नायलॉन ती एका झटक्यात कापते. म्हणून गळाच्या आधी तारेचा तुकडा लावायचा असतो. मी तो सकाळी लावून दिला होता. साहेबांनी तो काढून ठेवला होता, कारण तार फोटोत बरी दिसत नाही. दोर सैल पडला. त्याचं टोक मी बोटांत धरून पाहिलं, स्वच्छ तिरका काप. साहेब म्हणाले, "तुमची दोरी कमजोर आहे." गूगलवर त्यांनी तेच लिहिलं आणि वर एक तारा दिला.

मे महिन्याच्या मध्यावर दक्षिणेकडून लांबलचक लाट यायला लागते. वारा नसतो, वर ऊन असतं, किनाऱ्यावरून समुद्र गुळगुळीत दिसतो. बोटीत बसलं की कळतं. पार्टीतले निम्मे लोक कठड्याला धरून वाकतात आणि उरलेले त्यांना आलं-लिंबू देतात. त्या हलत्या बोटीत, ओल्या बोटांनी, डोळ्यांत घाम जात असताना केसाएवढ्या दोऱ्याला लीडरची, म्हणजे गळाकडच्या जाड दोऱ्याची, गाठ मारून द्यायची. गाठ दातांनी आवळायची आणि तोंडात तारलीची चव घेऊन हसत म्हणायचं, "आता लागेल बघा." नंतर १ जून उजाडतो. ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. माशांची वीण, वरून वादळवारा. बंदी योग्यच आहे, माझी तक्रार नाही. डिझेलवाल्याची उधारी मात्र बंदी पाळत नाही.

संध्याकाळी काका आले. पिशव्या परत न्यायला. हॉलमध्ये बसले, आईने आमरस पुढे केला (आमच्याच आंब्यांचा), आणि माझ्या धंद्याची चौकशी सुरू झाली.

"म्हणजे दोन महिने तू मासे धरत नाहीस."

"नाही."

"म्हणजे दोन महिने तू शाकाहारी. मग पेटी का धरतोस जवळ?"

मी विषय बदलावा म्हणून सांगितलं, की बरेच गळवाले हल्ली मासा पकडतात, फोटो काढतात आणि सोडून देतात. मला वाटलं हे त्यांना आवडेल. काकांनी चमचा खाली ठेवला.

"सोडून देतात?"

"हो. जिवंत."

"खात नाहीत?"

"नाही."

"मग त्याला धरला कशाला?" काका खरोखर दुखावले होते. "अरे, भुकेपोटी खाल्ला तर मी समजू शकतो. कोकणात माणसं खातात, आमच्याकडेही काही जण खातात, बाहेर. पण त्याला वर ओढायचा, फोटो काढायचा आणि जा म्हणायचं? हे तर वाईट! त्याच्या घरी काय सांगत असेल तो?"

मी काही बोललो नाही. मला हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता, आणि मला तो मनापासून आवडलाही नाही.

मग सल्ला आला. तो बडोद्यात येतोच. एवढं लांब जाण्यापेक्षा इथेच का करत नाहीस? महीसागर नदी आहे, खंभातचं आखात आहे. मी सांगितलं, आखातात भरती-ओहोटीत दहा मीटरपर्यंत फरक पडतो. पाणी चिखलाचं, दोन हात खालचं दिसत नाही. माझी बोट ओहोटीला चिखलात बसेल आणि पार्टी तिथेच आमरस मागेल. "मग विश्वामित्री?" काका म्हणाले. विश्वामित्री नदीत मगरी आहेत, हे शहरातल्या पोराला माहीत आहे, पावसाळ्यात त्या रस्त्यावर येतात. काका म्हणाले, "हां, पण त्या माशांना सोडतात का?"

हे शहर पाण्याच्या बाबतीत असं का आहे, मला कळत नाही. गायकवाडांच्या राज्यात ओखा होतं, भर समुद्रावरचं. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे. लहानपणी प्रत्येकाला तो बघायला नेतात, काकाही नातवंडांना घेऊन गेले असतील. तो कसला वास मारत आला असेल! त्याला कोणी जिन्याने नेलं नाही. पण तो देवमासा, म्हणजे मासाच नव्हे, सस्तन, आणि वर हाडं. तेव्हा चालतो.

आणखी सांगतो. २०२३ मध्ये गुजरातने घोळ हा राज्यमासा जाहीर केला. त्याच वर्षी महाराष्ट्राने पापलेट केला. घोळीच्या पोटातल्या बोताला, म्हणजे हवेच्या पिशवीला, परदेशात असा भाव येतो की एक मोठी घोळ लागली तर खलाशाचं वर्ष निघतं. गुजरातला एवढा लांब किनारा, वेरावळला शेकडो ट्रॉलर. म्हणजे राज्याचा अधिकृत मासा आमच्या लिफ्टमध्ये चढू शकत नाही. मोर चढू शकतो का, ते कमिटीला विचारायला हवं. हे विनोदाने म्हणतोय, पण पूर्ण विनोदाने नाही. भाड्याने घर शोधताना माझ्या ओळखीच्या एका कोळी कुटुंबाला या शहरात "जॉब काय करता" हा पहिला प्रश्न असतो आणि उत्तर ऐकल्यावर दुसरा नसतो. माझं काय, माझा फ्लॅट आईच्या नावावर आहे आणि आडनाव पाटीवर. मला फक्त जिना पडला.

महिनाअखेरीला मेन्टेनन्सचं बिल आलं. त्यात नवी ओळ: लिफ्ट डीप क्लीनिंग, ३५० रुपये. मी बिल घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेलो.

"काका, पेटी जिन्याने गेली होती."

"हो. पण पिशव्या लिफ्टने गेल्या. बेन म्हणाल्या, मागे काहीतरी होतं."

"तुम्हीच म्हणालात, आंब्याला साल असते."

"ते माझं वैयक्तिक मत. बिल कमिटीचं आहे." मग त्यांनी मला आत बोलावलं, दार लावलं, सेव-उसळ पुढे केली आणि आवाज खाली आणला. नातू कॅनडाहून दिवाळीला येतोय. त्याने माझ्या बोटीचं पेज बघितलंय. त्याला सुरमई धरायचीय.

"किती घेतोस एका दिवसाचे?"

मी आकडा सांगितला.

"आणि मासा लागला नाही तर?"

"तरी तेवढेच. समुद्र माझा नाही, बोट माझी आहे."

काकांनी थोडा विचार केला. "आणि सोडून नाही द्यायचा हं. तेवढं बघ."

"निम्मे ॲडव्हान्स लागतात, काका."

"घरच्यांकडून?"