लेसोथोत गरम कपडे लागतात

‘लेसोथो दक्षिण आफ्रिकेचाच प्रांत, आफ्रिकेत थंडी नसते, जून-जुलैत टी-शर्टवर ट्रेक होतो,’ असा मेसेज फिरतोय. सगळंच चूक.

लेसोथो चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला असला, तरी 4 ऑक्टोबर 1966 पासून स्वतंत्र देश आहे. दोन्ही देशांच्या सीमेवरच्या 2,876 मीटर उंचीच्या सानी खिंडीतून चालत गेलात तरी पायथ्याला आणि माथ्यावर पासपोर्ट दाखवावा लागतो.

थंडीचं तर विचारूच नका. देशाचा सर्वांत सखल भागही सुमारे 1,400 मीटरवर, सर्वांत उंच थबाना न्टलेन्याना शिखर 3,482 मीटर. जून ते ऑगस्ट तिथला हिवाळा. डोंगरात बर्फ पडतो, रात्री पारा शून्याखाली जातो. तिथले मेंढपाळ जाड लोकरी ब्लँकेट पांघरतात ते काही हौसेपुरतं नाही.